राजाला ‘नाही’ म्हणणारं पंचपीठ

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राज्यं लहान होती आणि जंगलं मोठी. शेजारच्या राज्यात जायचं तर वाटेत वहाणा झिजत.

अशाच एका राज्यात नदीच्या दोन्ही काठांवर लोक सुखाने नांदत होते. हे सुख त्यांना आयतं मिळालं नव्हतं. त्यांचे पूर्वज आपसात पुष्कळ भांडले होते, पुष्कळ माणसं गमावून बसले होते. शेवटी दमून त्यांनी एक करार केला आणि तो एका काळ्या शिळेवर कोरून घेतला. राजाने काय करावं हे त्या शिळेवर थोडं होतं, काय करू नये हे जास्त होतं. एक ओळ अशी होती : ‘ज्याचं ऐकून घेतलं नाही, त्याला शिक्षा नाही.’

करार सांभाळायला पाच वडीलधाऱ्यांचं एक पंचपीठ होतं. राजाच्या हुकमाने कोणावर अन्याय झाला, तर त्याने पंचपीठाकडे यावं. हुकूम करारात बसत नसेल, तर पंचपीठाने तो रद्द ठरवावा. आणि राजाने ते मानावं. अशी रीत होती.

त्या वेळचा राजा तरुण होता आणि मनाचा चांगला होता. प्रजेवर त्याची माया होती. पण माया असली की घाईही होते.

एका उन्हाळ्यात राज्यात रोगाची साथ आली. नदीचं पाणी प्यायलेली माणसं तापाने फणफणत आणि दोन-तीन दिवसांत जात. घरोघर रडारड सुरू झाली. लोक म्हणू लागले, “पाणी कोणी नासवलं?”

नदीच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांची वस्ती होती. ते सूत रंगवत, आणि रंगाचं पाणी नदीत जाई. कधी निळं, कधी तांबडं. लोकांनी बोट दाखवलं. “हेच ते! यांनीच विष कालवलं!”

राजाने दवंडी पिटवली : ‘पौर्णिमेच्या आत रंगाऱ्यांनी राज्य सोडावं. मागे राहील त्याचं घर जाळलं जाईल.’

लोकांनी राजाचा जयजयकार केला. रंगाऱ्यांच्या वस्तीत मात्र चुली पेटल्या नाहीत.

त्या वस्तीत गोजरा नावाची एक बाई होती. सगळे बोचकी बांधत होते, तेव्हा ती उठली आणि पंचपीठाच्या दारात जाऊन उभी राहिली. दारातल्या माणसाने तिला हळूच सांगितलं, “बाई, परत जा. पीठाच्या प्रमुख वेणाक्का आहेत. त्यांचा नातू याच साथीत गेला. त्या तुला काय न्याय देणार?”

गोजरा मागे वळली. पण परत जायला तिला घर तरी कुठे उरलं होतं? ती आत गेली.

वेणाक्का वयाने सगळ्यांत मोठ्या होत्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. गोजराची नजर खाली गेलेली त्यांनी पाहिली आणि त्या म्हणाल्या, “माझं दुःख घरी ठेवून आले, असं मी म्हणणार नाही. ते इथं माझ्याजवळच बसलंय. पण निकाल त्याला विचारून द्यायचा नसतो. तू बोल.”

गोजरा बोलू लागली. “आक्का, आमच्या पाण्याने रोग होतो की नाही, मला ठाऊक नाही. पण आम्हीही तेच पाणी पितो. माझा नवरा याच तापाने गेला. शेजारची दोन लेकरं गेली. हे कोणाला माहीत नाही, कारण आम्हाला कोणी विचारलंच नाही.”

राज्यात कोण कोण मेलं याची चर्चा घराघरांत चालली होती, पण रंगाऱ्यांचे मेलेले कोणाच्या बोलण्यातच आले नव्हते.

पाच जणांनी बराच वेळ विचार केला. मग वेणाक्कांनी निकाल सांगितला. “रंगारी दोषी आहेत की निर्दोष, हे आज आम्ही सांगत नाही. पण त्यांचं म्हणणं ऐकून न घेता त्यांना हाकलायचा हुकूम करारात बसत नाही. तो हुकूम रद्द.”

बाहेर जमलेल्या लोकांनी आरडाओरडा केला. कोणीतरी वेणाक्कांच्या अंगावर धूळ फेकली. त्यांनी पदर झटकला आणि त्या घरी गेल्या.

निकाल ऐकून राजा संतापला. “मी प्रजेला वाचवायला निघालोय आणि ही पाच म्हातारी माणसं मला अडवतात?”

सेनापती लगेच म्हणाला, “महाराज, त्यांच्याकडे ना फौज ना शस्त्र. आपण हुकूम पुढे चालवा. कोण विचारणार?”

राजाचा एक वृद्ध राजदूत होता. त्याचं आयुष्य परमुलखांत गेलं होतं. राजाने त्याला विचारलं, “दुसऱ्या राजांनाही हा जाच सोसावा लागतो का?”

राजदूत म्हणाला, “महाराज, डोंगरापलीकडच्या राज्यात तर हुकूम दवंडीला जाण्याआधीच वडीलधारे तो तपासतात. समुद्राकाठच्या राज्यात आपल्यासारखंच आहे, ज्याला लागलं त्याने जाऊन सांगायचं. आणखी एका राज्यात हुकूम रद्द करायचा अधिकार वडीलधाऱ्यांना नाही. पण तिथली हुकूम काढणारी सभा चार शहाणी माणसं काय म्हणतात ते ऐकते आणि स्वतःच हुकूम बदलते. रीत प्रत्येकाची वेगळी.”

“आणि जिथे असं काहीच नाही, तिथे?”

“तसंही एक राज्य पाहिलंय. तिथल्या राजाने पीठावरची माणसं काढली आणि आपले मेहुणे बसवले. सगळे ‘होय महाराज’ म्हणू लागले. राजाला फार बरं वाटलं. पुढे धरणाला भेग पडली, ती सगळ्या गावाला दिसत होती. राजाला मात्र कोणी सांगितलं नाही. पाणी वाड्यात शिरलं तेव्हा त्याला कळलं.”

राजाचा राग गेला नव्हता. पण रागातच तो म्हणाला, “हुकूम थांबवा, सुनावणी घ्या. ज्याला जे ठाऊक असेल त्याने येऊन सांगावं.”

सुनावणी सुरू झाली. रंगारी आले, कोळी आले, धोबिणी आल्या, गुराखी आले. रंगाऱ्यांच्या वस्तीच्याही वर, डोंगरातल्या गावांत माणसं मरत होती, हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. म्हणजे रोग वरूनच येत होता.

मग फौजेच्या छावणीतला एक आचारी पुढे आला. सेनापतीकडे बघायचं टाळत तो म्हणाला, “उन्हाळ्याच्या तोंडाला छावणीतले पुष्कळ बैल रोगाने मेले. पुरायचा कंटाळा केला आणि वरच्या घळीत ढकलून दिले. नदी तिथूनच निघते.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?” राजाने विचारलं.

“भीती वाटत होती महाराज. आणि दवंडी झाल्यावर वाटलं, आता ठरलंच आहे, तर कोण कशाला ऐकेल?”

त्याच दिवशी घळ साफ झाली. मेलेली जनावरं दूर नेऊन पुरली. सेनापतीचं पद गेलं. हळूहळू पाणी निवळलं, ताप ओसरला, नवी चिता पेटेनाशी झाली. रंगाऱ्यांना हाकललं असतं, तर ती घळ कोणी पाहिलीच नसती, आणि साथीने सगळं राज्य गिळलं असतं.

राजा पायी रंगाऱ्यांच्या वस्तीत गेला. त्याने गोजरापुढे हात जोडले. “बाई, तू बोचकं उचलून निघून गेली असतीस, तर आम्ही सगळे मेलो असतो. तुझे उपकार आहेत.” गोजराने राजाला बसायला घोंगडी टाकली आणि गूळ-पाणी दिलं. त्याच नदीचं पाणी राजा घटाघटा प्यायला.

तिथून तो वेणाक्कांच्या घरी गेला. त्या अंगणात एकट्याच बसल्या होत्या. राजा खाली मातीतच टेकला.

“आक्का, तुम्ही मला ‘नाही’ म्हणालात. त्या दिवशी ते मला शत्रूचं बोलणं वाटलं. आज कळतंय, इतक्या मायेने मला कोणीच काही म्हटलं नव्हतं. मी तुमचा ऋणी आहे.”

वेणाक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “आभार तर मी मानायचे, राजा. आम्ही पाच म्हातारी माणसं. आमच्याकडे नुसते शब्द. तुमच्या मनात असतं, तर ते वाऱ्यावर उडाले असते. तुम्ही राग गिळून ऐकलंत, म्हणून त्याला निकाल म्हणायचं.”

मग दोघं नातवाबद्दल बोलत बसले. तो कसा हसायचा, काय हट्ट करायचा, हे वेणाक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, आणि राजाने ते सगळं ऐकून घेतलं.

तात्पर्य : सत्तेला अडवणारा न्याय आणि ते अडवणं मानणारी सत्ता ज्या राज्यात असते, त्या राज्याने दोघांचेही उपकार मानावेत.