घडीतला खण

नदीकाठच्या एका बाजाराच्या गावात मंजुळा नावाची एक शिंपीण राहत होती. हे नाव मात्र गावाला ठाऊक नव्हतं. जन्मल्यावर मुलगा समजून घरच्यांनी तिचं दुसरंच नाव ठेवलं होतं, आणि गाव त्याच नावानं हाक मारी. आपण मुलगी आहोत हे तिला कळत्या वयापासून माहीत होतं. शरीर तेवढं ऐकत नव्हतं. शहरातल्या दवाखान्यात हार्मोनचं औषध मिळतं, त्यानं शरीर हळूहळू मनाच्या बाजूला वळतं, असं तिला समजलं. तिनं जाऊन नाव नोंदवलं. डॉक्टर एकच, रांग लांबलचक. तपासण्या झाल्या, कागद झाले, आणि तारीख मिळाली ती आठ महिन्यांनंतरची.

तेव्हापासून वाट बघणं हाच तिचा धंदा झाला म्हणा ना. फोन वाजला की हातातली कात्री खाली पडायची. आरशावर तिनं जुनी चादर टाकली. मशीनवर बसून गाणं म्हणायची, ते सोडलं. मैत्रिणीच्या लग्नालाही गेली नाही. प्रत्येक गोष्टीला तिचं एकच उत्तर असे, "औषध सुरू झालं की."

तिचं खरं नाव गावात एकाच माणसाला माहीत होतं. सगुणाक्का कासारणीला. दर गुरुवारी अक्काची बांगड्यांची पाटी मंजुळाच्या ओट्याशेजारी लागे. एकदा मंजुळा हिरव्या बांगड्यांकडे बघत राहिलेली पाहून अक्कानं विचारलं होतं, "नाव काय गं तुझं? घरच्यांनी ठेवलेलं नको सांगूस, तुझं सांग."

पुढे एका गुरुवारी अक्कानं तिच्या हातात एक खण ठेवला. जांभळा, लाल काठाचा. खण द्यायचा तो लेकीसुनांना. त्याचा अर्थ मंजुळाला कुणी समजावून सांगायला नको होता. तिचे डोळे भरून आले.

"याची चोळी शिव," अक्का म्हणाली. "ती घालून ये. भर बाजारात, चार बायकांदेखत तुझा हात भरते मी."

मंजुळा दचकली. "अक्का, हळू बोला! आत्ता नको. औषधानं अंगाचं माप बदलणार. मग शिवीन."

"वाढत्या पोरींची पोलकी शिवतेस, तेव्हा काय करतेस?"

"आत दोन बोटं माया ठेवते. पोर वाढली की उसवून सोडायची."

"मग स्वतःच्या चोळीत ठेवायला काय झालं?"

मंजुळानं दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, "आणि हात बघा केवढे आहेत माझे. जरा नाजूक होऊ देत."

"अगं, हात बघून बांगडी निवडतात. बांगडी बघून हात कुणी निवडतं का?" अक्कानं तिचा तळवा अंगठ्यानं दाबून पाहिला, "पावणेतीन" असं पुटपुटली आणि डझनभर हिरव्या बांगड्या फडक्यात बांधून बाजूला ठेवल्या.

समोरून जाणारा एक जण थांबला. "काय शिंपीदादा, बायकांत बसून बाई होणार काय?"

"होऊ दे की," अक्का म्हणाली. "तू पुरुषांत बसून काय झालास?"

पाटीभोवतीच्या बायका हसल्या. मंजुळाही हसली. पण खण तिनं चौघडी करून ट्रंकेत ठेवला तो ठेवलाच.

आठ महिने सरले. डॉक्टरांची बदली झाली, तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. दुसऱ्या हिवाळ्यात अक्कानं अंथरूण धरलं. तिची सून नंदा निरोप घेऊन आली. "या गुरुवारी घरी बोलावलंय तुला. चोळी घालून ये म्हणाल्यात. त्यांना तुझा हात भरायचाय."

मंजुळानं ट्रंक उघडली. खण काढला. कात्री हातात घेतली. नवी तारीख सतराच दिवसांवर होती. दीड वर्ष थांबले, आता सतरा दिवसांसाठी अर्धवट अंगानं कशाला जायचं, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"अक्कांना सांग, पहिली गोळी घेतली की त्याच पावली येते."

अकराव्या दिवशी अक्का गेली.

सतराव्या दिवशी औषध सुरू झालं. खरंच झालं, आणि लागूही पडलं. वर्षानुवर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलल्यासारखं मंजुळाला वाटलं. सहा महिन्यांत त्वचा मऊ झाली, आरशावरची चादर निघाली. आपलं नाव तिनं स्वतःच्या तोंडानं गावाला सांगितलं. कुणी हसलं, कुणी सरावलं.

मग एका गुरुवारी ती नंदाच्या पाटीपुढे जाऊन बसली. नंदानं तळातून फडक्याची गाठोडी काढली. "तुझ्याच आहेत. अक्कांनी कुणाला विकू दिल्या नाहीत."

"आता सैल होतील गं. हात नाजूक झाला असेल ना?"

नंदानं तळवा दाबला. एकेक बांगडी सरकत गेली आणि मनगटावर नेमकी बसली. "पावणेतीनच की. हाड कुठं बदलतं?"

मंजुळा मनगटाकडे बघत राहिली. म्हणजे हा हात त्याही गुरुवारी तयार होता. हात भरणारीला नमस्कार करायची रीत असते. तिनं नंदाला नमस्कार केला आणि मग पाटीमागच्या, अक्का बसायची त्या रिकाम्या गोणपाटालाही.

घरी येऊन तिनं खण उलगडला. तो घडीवर विरला होता. बोट लावलं तसे धागे सुटले. घडी अधूनमधून मोडा, नाहीतर कापड जागच्या जागी फाटतं, हे गिऱ्हाइकांना तीच सांगत असे.

आतून अस्तर लावून, विरलेली जागा रफू करून तिनं चोळी शिवली. दोन बोटं माया ठेवायला विसरली नाही. चोळी अंगाला छान बसली. दाखवायला अक्का नव्हती.

तात्पर्य: औषधाची वाट जरूर पाहावी, पण आपल्या जगण्याला ताटकळत ठेवू नये. रांगेतले दिवसही आपल्याच आयुष्यातले असतात, आणि आपल्याला खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं दवाखान्याच्या तारखेपर्यंत थांबतातच असं नाही.