मागे बसलेल्यांची चौकशी

देवखिंडीच्या चौकीवर जमादार भुजंगरावांनी नवरीची गाडी अडवली, तेव्हा गोरज मुहूर्ताला अर्धा दिवस उरला होता आणि नवऱ्याचं गाव अवघ्या एका कोसावर होतं.

गाडी हाकत होता नवरीचा बाप, धोंडू पाथरवट. त्याच्याकडे शिक्क्याचा दाखला होता. मागे बसली होती नवरी भिवरा आणि तिची आत्या कोंडाबाई, सात गावांच्या सोयरिकी जुळवणारी. या दोघींकडे हळद होती, कुंकू होतं, शिदोरी होती. दाखला तेवढा नव्हता.

पूर्वी दाखला फक्त गाडी हाकणाऱ्याला लागे. पण गेल्या महिन्यात एक चोर गवताच्या गाडीत मागे बसून खिंडीतून सटकला आणि राजा प्रतापसेनाने नवा हुकूम काढला. गाडीत बसलेल्या प्रत्येकाने आपण कोण ते सिद्ध करावं. गाडीवानाची साक्ष चालणार नाही, शेजारी बसलेल्याची तर नाहीच. बाहेरून दाखला असलेलं कोणी ओळखीचं येईपर्यंत चौकीवर बसून राहावं. राजा स्वतःला न्यायी समजत असे, म्हणून हुकमात पुढे असंही होतं की बसवलेल्यांना सावली, पाणी आणि जेवण सरकारातून मिळावं. पायी जाणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नसे. तेव्हापासून चोर चालत जाऊ लागले होते.

"मग आमी उतरून चालत जातो," भिवरा म्हणाली.

"चौकी बघून गाडीतून उतरतो तो तर पक्का संशयित," जमादार म्हणाले.

धोंडूने हातापाया पडून पाहिलं. हा मुहूर्त टळला की चातुर्मास लागणार, म्हणजे चार महिने लग्न नाही. नवऱ्याकडचे काही तेवढे थांबणारे नव्हते. त्यांना आणखी दोन स्थळं सांगून आली होती. आणि भिवराला तर नवरा म्हणून सुभानाच हवा होता, दुसरा कोणी नको होता. जमादार हलेनात. त्यांना हुकूम तोंडपाठ होता, आणि हुकूम तोंडपाठ असला की माणसाला डोकं चालवावं लागत नाही.

भिवराने डोळे पुसले आणि जमादारांना हुकूम पुन्हा वाचायला सांगितला. दोनदा नीट ऐकून घेतला. मग खिंडीतून पायी निघालेल्या एका मेंढपाळाला हाक मारून तिने सासरी निरोप धाडला. "साक्षीला समद्यांनी या. भटजी, वाजंत्री, आचारी, कुणी मागं ऱ्हाऊ नका. पण गाड्यांतनंच या. पायी एकानंबी येऊ नका."

दुपारी सतरा गाड्या खिंडीत दाखल झाल्या. जमादारांनी प्रत्येक गाडीला दाखला विचारला. हाकणाऱ्यांकडे होता, मागच्यांकडे नव्हता. त्यांनी नवरा बसवला, भटजी बसवले, सनईवाला बसवला. साक्षीदारालाच साक्षीदार लागत होता, त्यामुळे संध्याकाळ व्हायच्या आत दोनशे माणसं चौकीवर बसली. हुकमात सावली लिहिली होती, म्हणून जमादारांनीच मांडव घातला. जेवणासाठी गडावर स्वार पळवला. दोनशे अनोळखी माणसं ताब्यात आहेत, तांदूळ, गूळ आणि तूप पाठवा!

दोनशे अनोळखी माणसं म्हटल्यावर राजाला वाटलं, परचक्र आलं. तो सेनापतीला रथात घेऊन निघाला आणि खिंडीत पोचला, तर समोर सनई वाजत होती.

"कोण आहेत ही माणसं?"

"कळायला मार्ग नाही, महाराज," जमादार म्हणाले.

आपला हुकूम चुकला असं म्हणणं राजाला जड गेलं. त्याने भिवराला पुढे बोलावलं. "हे तुझं काम दिसतंय. सूर्य मावळायच्या आत यातल्या प्रत्येकाची ओळख पटव. कागद नसला तर नसो, पण मला पटली पाहिजे. नाही तर सगळं वऱ्हाड गडाच्या कोठडीत."

सूर्य हातभर उरला होता. भिवराने अक्षतांचं ताट आत्याच्या हाती दिलं. ज्याची ओळख पटेल त्यालाच अक्षता द्यायच्या, असं बजावलं.

कोंडाबाई निघाली. हा नवऱ्याचा थोरला चुलता, गेल्या लग्नात मानाच्या फेट्यावरून रुसलेला. ही त्याची बायको, त्याला रुसायला लावणारी. हा मावसभाऊ, तीन मुली बघून तिन्ही ठिकाणी पोहे खाऊन आलेला. आत्याने कोणाला जरा जास्त चांगलं म्हटलं की पलीकडून कोणी ना कोणी लगेच दुरुस्ती करत होतं. राजा आधी आठ्या घालून ऐकत होता, मग पुढे सरकून ऐकू लागला. त्याच्या सगळ्या चौक्यांनी मिळून वर्षभरात एवढी माहिती जमवली नव्हती.

शेवटी आत्या राजासमोर आली आणि तिने ताट मागे घेतलं.

"आन तुमी कुणाकडचं? नवऱ्याकडचं का नवरीकडचं?"

जमादार कुजबुजले, "अगं बाई, महाराज आहेत ते."

"आसतील. म्या कुणाकडचं ते इचारलं."

राजाने सेनापतीकडे पाहिलं. पण सेनापती त्याच्याच शेजारी बसून आला होता, आणि हुकमाप्रमाणे त्याची साक्ष चालत नव्हती. तिकडे भटजींनी घटका भरत आल्याचं ओरडून सांगितलं. भिवरा पुढे झाली.

"महाराज, मला मामा न्हाई. नवरीच्या पाठीशी मामाची जागा मोकळी हाय. तितं हुबं ऱ्हायलात तर तुमी नवरीकडचं. न्हाई तर जमादारांकडचं!"

राजा असा हसला की गाड्यांचे बैल बुजले. हसत हसतच तो भिवराच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. आत्याने त्याच्या मुठीत अक्षता घातल्या आणि अंतरपाट सरला.

मामाने रिकाम्या हाताने यायचं नसतं. राजाने आपला कंठा भाचीच्या गळ्यात घातला आणि संशयाला कारण असल्याशिवाय मागे बसलेल्याला कोणी अडवू नये, असा हुकूम तिथल्या तिथे सोडला. मग पंगत बसली. तूप वाढायचं काम राजाने जमादार भुजंगरावांना दिलं, दोनशे माणसांना, प्रत्येकाला नावाने हाक मारून.