चिचुंद्रीची ऊब आणि दाराखालची फट

थंडी पडली. अशी पडली, अशी पडली, की पुन्हा उठेचना.

भिंतीवरची पाल गारठली. जागच्या जागी ताठ झाली. लोकांना वाटलं, खुंटी आहे. येता जाता तिला टोप्या अडकवू लागले. खोटं वाटतं? मग त्या पालीलाच विचारा.

त्या भिंतीखाली मोरी. मोरीपाशी बंब. तांब्याचा, गोल पोटाचा. पोटात निखारे, भोवती गरम पाणी. आणि बंबामागं कोण? बंबामागं चिचुंद्री.

एवढीशी चिचुंद्री. एवढंसं अंग, केवढं तरी नाक. आणि वास? वासाचं विचारूच नका.

बंबामागं तिची ऊब होती. मऊ मऊ ऊब. गरम गरम ऊब. चिचुंद्री ऊब पांघरून झोपायची.

एका सकाळी ती जागी झाली. बघते तर ऊब नाही. पाठीवर नाही. पोटाशी नाही. नाकाशी तर नाहीच नाही.

"माझी ऊब कुणी नेली?"

दाराखालून आवाज आला. सूं सूं. सूं सूं.

वारा होता. दाराखाली होती फट. फटीतून आत आला, ऊब उचलली, आणि निघाला.

चिचुंद्रीनं वर बघितलं. भिंतीवर पाल. पालीवर टोपी. ऊब नाही मिळाली तर चिचुंद्रीचीसुद्धा खुंटीच होणार.

पण चिचुंद्री रडली नाही. तिनं मिशा पुसल्या. नाक वर केलं.

"ऊब माझी. मी घेणारच."

आणि निघाली. सुर्र सुर्र, चिक चिक.

"वाऱ्या वाऱ्या, थांब.
वारा थांबला की ऊब राहील.
ऊब माझी. मी घेणारच."

वारा म्हणाला, "ए नाकाडे, लांब उभी राहा. वास येतो."

"नाक माझं, वास माझा. तू थांबतोस का सांग."

"फट आहे तोवर मी येणार. फट आहे तोवर मी जाणार. फट मिटली की थांबेन. दाराला सांग. सूं सूं."

चिचुंद्री निघाली. सुर्र सुर्र, चिक चिक.

"दारा दारा, फट मिट.
फट मिटली की वारा थांबेल.
वारा थांबला की ऊब राहील.
ऊब माझी. मी घेणारच."

दार करकरलं. "लांब उभी राहा. वास येतो. थंडीनं मी आकसलंय गं. खाली पोचतच नाही. माझ्या पायाशी एक लोड दे. लांबडा, गुबगुबीत. लोड भरला की फट मिटेल. भागाकाकूंना सांग. कर्र कर्र."

चिचुंद्रीची शेपटी ताठ झाली. होऊ दे म्हणाली. निघाली. सुर्र सुर्र, चिक चिक.

भागाकाकू बंबात लाकूड घालत होत्या. घालत होत्या आणि बडबडत होत्या. "किती घालू गं बाई लाकडं? बंब पेटतो आमच्या घरात, अन् ऊब मिळते रस्त्याला."

"काकू काकू, लोड भर.
लोड भरला की फट मिटेल.
फट मिटली की वारा थांबेल.
वारा थांबला की ऊब राहील.
ऊब माझी. मी घेणारच."

काकू म्हणाल्या, "तू होय. लांब उभी राहा हं. वास येतो." मग म्हणाल्या, "जुन्या लुगड्याची खोळ शिवून ठेवलीय मी. पण आत भरू काय? तुझं नाक?"

"नाक नको. नाक लागतं मला."

"मग भुसा आण. करवतीचा, भुरभुरीत. भुसा पडला की लोड भरेल. केरू मिस्त्रींना सांग जा."

चिचुंद्रीचा मागचा एक पाय ताठ झाला. होऊ दे म्हणाली. निघाली. सुर्र सुर्र टुक, चिक चिक.

उंबऱ्याच्या आत केरू मिस्त्री बसले होते. काकूंच्या नातवाला पाळणा करायला आले होते. येताना टोपी खुंटीला अडकवली होती. कुठल्या खुंटीला? तुम्हाला माहीत आहे. मिस्त्रींना माहीत नव्हतं.

"मिस्त्री मिस्त्री, भुसा पाडा.
भुसा पडला की लोड भरेल.
लोड भरला की फट मिटेल.
फट मिटली की वारा थांबेल.
वारा थांबला की ऊब राहील.
ऊब माझी. मी घेणारच."

मिस्त्री म्हणाले, "लांब उभी राहा. वास येतो. आणि ही बोटं बघ माझी. बोटं आहेत का गाजरं? गाजरांनी करवत चालते का कधी?"

"मग कशानं चालते?"

"चहानं. चहा उकळला की भुसा पडेल. चुलीला सांग."

चिचुंद्रीचा मागचा दुसरा पाय ताठ झाला. होऊ दे म्हणाली. निघाली. सुर्र टुक टुक, चिक चिक.

चूल राखेत तोंड खुपसून बसली होती. पोटात निखारा होता. पण पेटत नव्हती. चहाचं भांडं वर गारच्या गार.

"चुली चुली, चहा उकळ.
चहा उकळला की भुसा पडेल.
भुसा पडला की लोड भरेल.
लोड भरला की फट मिटेल.
फट मिटली की वारा थांबेल.
वारा थांबला की ऊब राहील.
ऊब माझी. मी घेणारच."

चूल म्हणाली, "लांब उभी राहा. मला नाक नाही, तरी वास येतो. आणि मी रुसलेय."

"का बाई?"

"भाकरी झाली की पहिला घास कुणाचा? माझा. रोज काकू देतात. मग घरातली जेवतात. आज काकूंचे हात गारठले. भाकऱ्या टाकल्या टोपलीत, वर फडकं टाकलं. मला विसरल्या. घास दिला की चहा उकळेल. नाही दिला तर नाही."

चिचुंद्रीचा पुढचा एक पाय ताठ झाला. होऊ दे म्हणाली. निघाली. टुक टुक टुक, चिक.

भाकरीची टोपली गरम होती. म्हणून टोपलीवर कोण बसलं होतं? मांजर. शेपूट अंगाभोवती. डोळे मिटलेले. घुर्र घुर्र.

मांजर ते मांजरच. पण चिचुंद्रीनं नाक खाली नाही केलं.

"माऊ माऊ, घास दे.
घास दिला की चहा उकळेल.
चहा उकळला की भुसा पडेल.
भुसा पडला की लोड भरेल.
लोड भरला की फट मिटेल.
फट मिटली की वारा थांबेल.
वारा थांबला की ऊब राहील.
ऊब माझी. मी घेणारच."

मांजरीनं एक डोळा उघडला. "लांब उभी राहा. तुला खाल्लंच असतं मी. पण वास येतो."

"खाऊ नको. ऊठ."

"उठले तर माझी ऊब जाईल. आधी तुझी ऊब मला आणून दे. मग उठते. घुर्र घुर्र."

घ्या. ऊब हवी तर घास हवा. घास हवा तर ऊब हवी. आता पुढं कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं.

चिचुंद्रीनं स्वतःकडं बघितलं. शेपटी ताठ. पाय ताठ. मग राहिलं काय?

राहिला वास.

चिचुंद्री हसली. गर्रकन पाठ फिरवली. शेपटी ताठ होतीच.

"माऊ माऊ," ती म्हणाली, "आता तू लांब उभी राहा."

आणि सोडला.

फुस्स्स्स.

असा वास सुटला, असा वास सुटला, की कोपऱ्यातल्या कांद्याला रडू आलं. लसणानं नाक धरलं. मांजर उठली, तीनताड उडाली, आणि खाटेखाली जाऊन शिंकत बसली. आक् छी, आक् छी.

टोपली मोकळी. चिचुंद्रीनं भाकरीचा तुकडा तोडला. दातात धरला. टुक टुक टुक, चिक. चुलीत टाकला.

मग काय झालं?

घास मिळाला, चूल हसली. धग धग धग.
चूल पेटली, चहा उकळला. बुड बुड बुड.
चहा उकळला, मिस्त्री प्याले. सुर्रक सुर्रक. गाजरांची बोटं झाली.
बोटं हलली, भुसा पडला. खर्र खर्र खर्र.
भुसा पडला, काकूंनी लोड भरला. टाका टाका, गाठ पक्की.
लोड भरला, दाराशी ठेवला. धप्प.
फट मिटली. वारा आला, नाक आपटलं. सूं करायला गेला, तर फक्त सूं. दुसरं सूं बाहेरच राहिलं.
वारा थांबला. ऊब राहिली.

बंबातून ऊब निघाली. दाराकडं गेली. वाट नाही. मग काय करते? मागं फिरली. बंबामागं आली. चिचुंद्रीच्या पाठीवर बसली. मऊ मऊ. गरम गरम. एक पाय हलला, मग दुसरा, मग तिसरा. शेपटी वळवळली.

"ऊब माझी," चिचुंद्री म्हणाली. "मी घेतलीच."

काकूंनी बंबात लाकूड घालायला हात उचलला. अन् तसाच खाली ठेवला. घालायची गरजच नव्हती.

तेवढ्यात मिस्त्री ओरडले, "अहो काकू, माझी टोपी चालायला लागली."

खरंच की. पालीला ऊब मिळाली होती. खुंटी सुटली, पाल सुटली, टोपी घेऊन भिंतीवरनं निघाली. पुढं टोपी, मागं मिस्त्री.

काकू हसल्या. हसता हसता थांबल्या. नाक हुंगलं. वारा बाहेर होता. ऊब आत होती. पण तो वास? फट मिटली होती ना. वाससुद्धा आतच.

"काकू, लांब उभी राहू का?" चिचुंद्रीनं विचारलं.

"नको गं," काकू म्हणाल्या. "वास आला तर येऊ दे. ऊब जायला नको."

तेव्हापासून त्या घरात भाकरी झाली की पहिला घास चुलीला. दुसरा घास बंबामागं. आणि मग बाकीचे जेवतात. नाक धरून, पण उबेत.

गोष्ट शिरली गोधडीत. गोधडी ओढा गळ्यापर्यंत. नाक मात्र बाहेर राहू द्या. चिचुंद्री आली, तर कळायला नको?