अस्वलाचा नेम आणि कासवाचे डोळे

फार फार वर्षांपूर्वी, प्राणी एकमेकांशी बोलत असत त्या काळात, एका तळ्याकाठी एका अस्वलाचा फोटो स्टुडिओ होता. तेव्हा कॅमेरे कुठे होते, असं विचारू नका बाळांनो. होते म्हणजे होते.

अस्वलाचा कॅमेरा जुना, पण त्याच्यावर त्याचा भारी जीव. त्याला त्याने नवी लेन्स बसवली होती, झूम नसलेली, भरपूर उजेड घेणारी. तिची एक खोड होती. बोटभर जागा काय ती स्पष्ट दिसे, तिच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. अस्वल गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर नेम धरी, कॅमेरा आपोआप फोकस करून 'टिक' म्हणे आणि अस्वल डोळे झाकून बटण दाबी.

फोटो यायचा तो असा: कान लख्ख, डोळे धूसर.

"तू हललीस," अस्वल हरणीला म्हणालं. सशालाही तेच, मोरालाही तेच. हरणी बिचारी रडवेली होऊन गेली. माकड खरंच हललं होतं, त्याचं सोडा. पण तेच वर तोंड करून म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं." अस्वलाने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

एके सकाळी म्हातारा करकोचा आपल्या मित्राला, कासवाला, घेऊन आला.

"आमचा थवा आज दुपारी परत निघणार," तो म्हणाला. "माझे पंख थकलेत. पुढच्या हिवाळ्यात येणं होईलसं वाटत नाही. याचे डोळे तेवढे सोबत नेऊ दे, अस्वलदादा."

कासव दगडावर बसलं. टिक. पाठ लख्ख आली, डोळे धूसर.

"तू हललास."

"मी?" कासव शांतपणे म्हणालं. "अहो दादा, मला हलवायला लोकांना ढकलावं लागतं."

 अस्वल चिडून लेन्स तळ्यात भिरकावायला निघालं.

"थांबा," कासव म्हणालं. "ती चुकते हे खरं. पण कुठे चुकते, ते तरी बघा."

मग त्याने मुंगळ्यांना बोलावलं आणि एकामागे एक रांगेत उभं केलं. अस्वलाने मधल्या मुंगळ्यावर नेम धरला. स्पष्ट आला त्याच्या मागचा. पुन्हा धरला, पुन्हा मागचाच.

"म्हणजे कॅमेरा आणि लेन्स, ही दोघं मिळून दर वेळी तेवढीच मागे जातात," अस्वल पुटपुटलं. "मग डोळे हवे असतील, तर नाकाच्या शेंड्यावर नेम धरायला हवा."

त्याने तसं केलं. कासवाच्या पापणीची सुरकुती न् सुरकुती आली, आणि ओल्या डोळ्यात समोर उभा असलेला करकोचाही दिसला. करकोच्याने फोटो पंखाखाली घेतला आणि थव्याबरोबर उडून गेला.

पुढच्या हिवाळ्यात थवा आला. त्यात तो नव्हता.

"आजोबा वाटेतच गेले," एक तरुण करकोचा म्हणाला. "शेवटपर्यंत फोटो जवळ होता."

कासवाने मान आत घेतली. अस्वल त्याच्याजवळ जाऊन बसलं. मी हट्टाला पेटलो असतो, तर तो करकोचा बिचारा रिकाम्या पंखांनी गेला असता, एवढंच त्याच्या मनात येत होतं. वर्षभर त्याला हरणीकडे जायची लाज वाटत होती. आता ते उठून थेट तिच्याकडे गेलं.

"तू हलली नव्हतीस गं," ते म्हणालं. "चूक माझी होती. चल, तुझा फोटो काढतो."

म्हणून सांगतो, लहानथोर हो: दुसऱ्याला दोष देण्याआधी आपला नेम तपासून पाहावा.