चहाच्या झाडाची शेजपाळी

“कोण?”

एवढेच निरंजनबुवांनी विचारले होते.

“प्रल्हाद नरहर सांगवडेकर, वय वर्षे सहासष्ट, सेवानिवृत्त कालवा निरीक्षक, कऱ्हाड.”

“म्हणजे आपले प्रल्हादराव,” बुवा म्हणाले. “या, या.”

बुवांची दृष्टी अधू झाली होती. कान शाबूत होते. प्रल्हादरावांना ते कित्येक वर्षे ओळखत. तरीही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण द्यावे, असा प्रल्हादरावांचा शिरस्ता होता, आणि अर्धवट उत्तरे देणाऱ्यांविषयी त्यांना फारसा आदर नव्हता.

ते मठाच्या पायऱ्या चढून ओसरीवर आले. दोन्ही हातांत एक उथळ कुंडी होती आणि कुंडीत वीतभर उंचीचे झाड. त्यांच्यामागून, प्रत्येक पायरीवर दम घेत, त्यांच्या आई मथुराबाई आल्या. नव्वदीला टेकलेल्या, अंगाने वाळलेल्या. काखेत कापडी पिशवी.

“पिशवी गाडीत ठेव म्हटलं, तर ऐकायचं नाही,” प्रल्हादराव म्हणाले.

“असू दे रे. तुझ्या हातात कुठं दिलीय?”

त्या खांबाला टेकून बसल्या. कृष्णेवरून वारा येत होता. त्यांनी पदर कानांवरून घेतला.

प्रल्हादरावांनी कुंडी बुवांसमोर ठेवली आणि खाकरून घसा मोकळा केला.

“फुकियन चहा म्हणतात याला. उष्ण देशांतले झुडूप आहे. तिकडे याच्या पानांचा चहा करतात. मी रोपापासून वाढवले, तारा बांधून वळण दिले. आता त्याचे चांगले बोन्साय झाले आहे. बारीक पांढरी फुले येतात. त्यांना मंद सुगंध असतो...”

ते थांबले.

“असायचा.”

“आता?”

“आता फुले नाहीत. आणि पाने गळतात.”

त्यांच्या बोलण्याला दुजोरा द्यावा तशी दोन पाने तेवढ्यात फरशीवर पडली.

“पाणी मोजून घालतो. माती चाळून घेतली आहे. पाने भिंगाखाली धरून पाहिली, कीड नाही. या विषयावर मिळाली तेवढी पुस्तके वाचली. दोष कुठेही नाही. आज सांगलीच्या प्रदर्शनात हे मांडायचे आहे आणि झाड असे! आता काय करावे, बुवा?”

“मला झाडांतलं काही कळत नाही.”

“ते मला ठाऊक आहे,” प्रल्हादराव प्रामाणिकपणे म्हणाले. “पण तुमच्यासमोर बोललं, की माझं मला सुचतं.”

बुवा हसले. “बोला मग.”

“सकाळी पूर्वेच्या गॅलरीत ठेवतो. ऊन चढले, की जिन्याखाली. दुपार कलली, की मागच्या अंगणात. तिथे वारा चांगला. पाहुणे आले, तर दिवाणखान्यात, म्हणजे त्यांना दिसते. रात्री स्वयंपाकघरात, गारठा बाधू नये म्हणून. एक दिवस चुकवलेला नाही.”

“फार करता तुम्ही त्याचं.”

“करायलाच हवे. जीव आहे तो.”

बुवांनी मान डोलावली. मग मथुराबाईंच्या दिशेने चेहरा वळवला.

“आणि माय? त्याही प्रदर्शनाला?”

“छे! तिला शरदकडे सोडायचे. आमच्याकडची तिची पाळी काल संपली. एका खेपेत दोन कामे.”

हे प्रल्हादरावांनी जरा अभिमानाने सांगितले. त्याचे कारण त्यांच्या नोकरीत होते. कालव्याचे पाणी शेतकऱ्यांना एकापाठोपाठ एक, ठरलेल्या क्रमाने द्यायचे, या व्यवस्थेला शेजपाळी म्हणतात. प्रल्हादरावांनी सारी हयात ती राबवली. त्यांच्या कालव्यावर पाण्यासाठी कधी कुऱ्हाड उगारली गेली नाही, असे ते सांगत. आणि ते खरे होते. वडील वारल्यावर आईने कोणाकडे राहायचे, हा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी दोघा धाकट्या भावांना बोलावले आणि एका बैठकीत तो निकालात काढला. कऱ्हाडला प्रल्हादराव, सांगलीला शरद, इचलकरंजीला उमेश. प्रत्येकाकडे चार महिने.

“कोणावर भार नाही, कोणाची तक्रार नाही,” ते म्हणाले. “इतर घरांतून काय चालते, ते तुम्ही ऐकताच. आमच्याकडे आवाज चढलेला नाही.”

“तक्रार कोणाचीच नाही?”

“कोणाचीच नाही. विचारा आईला.”

“काय, माय?”

“तिघंही चांगले आहेत हो,” मथुराबाई म्हणाल्या. “सुनाही चांगल्या. एकीनं कधी माझ्यापुढं ताट आदळलं नाही. देवाला खोटं का सांगू?”

“मग बरं आहे.”

“बरंच आहे. तेवढं रात्री उठलं, की आधी भिंत चाचपावी लागते. खरबरीत लागली, तर शरदचं घर. गुळगुळीत लागली, तर उमेशचं. मग कळतं, न्हाणीघर डावीकडं की उजवीकडं.”

“आणि माझ्याकडे?” प्रल्हादरावांनी विचारले.

“तुझ्याकडं भिंत लागतच नाही. कपाट लागतं. त्या कपाटाच्या कोपऱ्यावर तर कपाळ आपटलं होतं, विसरलास?”

“त्याला मी रबर लावले आहे.”

“लावलंस की. मी कुठं नाही म्हणते?”



“तिची शिस्त मात्र पाहण्यासारखी आहे, बुवा,” प्रल्हादराव म्हणाले. “त्याच कपाटातला एक खण तिच्यासाठी मोकळा करून दिला आहे. पण ती पिशवीतून लुगडे काढते, नेसते, धुऊन वाळले, की पुन्हा पिशवीत. पाळी संपली, की केव्हाही निघायला तयार. आमच्या खात्यात अशी माणसे असती, तर!”

“कशाला लावायचं आणि कशाला काढायचं,” मथुराबाई पुटपुटल्या.

“फक्त अलीकडे जेवण तुटले आहे. अर्ध्या पोळीवर उठते. अंगावरची चोळी ढगळ झाली. तिन्ही गावच्या डॉक्टरांना दाखवले. रक्त तपासले, छाती तपासली. दोष कुठेही नाही, म्हणतात.”

“दोष कुठेही नाही,” बुवा म्हणाले.

“नाही.”

“हं...”

बुवा उठले, चाचपत आत गेले. गवती चहाचा वास ओसरीपर्यंत आला. थोड्या वेळाने त्यांनी एकेक करून तीन कप आणून ठेवले. मथुराबाईंनी आपला कप दोन्ही हातांत धरला. प्रल्हादरावांनी आपला उचलला आणि ते भिंतीशी मांडी घालून बसले.

“तर मी असे म्हणत होतो, की झाडाला बहुधा चुना कमी...”

“प्रल्हादराव, तिथं ऊन येईल. इकडे सरका.”

प्रल्हादराव उठले, सावलीत बसले, कप तोंडाशी नेला.

“चुना कमी पडत असावा. एका पुस्तकात तर...”

“तिथं वारा नाही लागायचा. त्या कडेला बसा.”

“मला वारा नको आहे.”

“चांगला असतो वारा. बसा.”

वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, हाही शिरस्ताच होता. प्रल्हादराव उठले. कप हिंदकळला. ओसरीच्या कडेला बसून त्यांनी तो पुन्हा उचलला.

“आणि हो, दारापाशी या. पाहुणे आले, तर तुम्ही त्यांना दिसायला हवेत.”

“कोण पाहुणे? इथे कोणी नाही!”

“येतील ना कोणी तरी. तुमच्यासारखा वाचलेला माणूस मठात बसलेला दिसला, तर मठाला शोभा.”

प्रल्हादराव दारापाशी गेले. बसता बसता चहा पायजम्यावर सांडला. त्यांनी रुमाल काढला, डाग टिपला, रुमालाची घडी घातली. कपात आता निम्माच चहा होता आणि त्यावर साय धरली होती.

“आता आत चला,” बुवा म्हणाले. “गारठा बाधेल.”

“भर दुपारी?”

“काळजी घेतलेली बरी. उठा.”

प्रल्हादराव उठले नाहीत. त्यांनी कप फरशीवर ठेवला, तो जरा जोरातच.

“बुवा, हे काय आरंभले आहे? मी काही लहान मूल नाही! अहो, एका जागी बूड टेकल्याशिवाय माणसाच्या घशाखाली घोट तरी उतरतो का?”



खाली नदीवर कोणी तरी धुणे आपटत होते. तो आवाज तेवढा येत राहिला.

मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्यांचे खांदे हलत होते. रडतात की काय, म्हणून प्रल्हादराव दचकून पाहू लागले. त्या हसत होत्या.

आईला इतके हसताना त्यांनी बऱ्याच काळात पाहिले नव्हते. त्यांना थोडा रागही आला. मग त्यांचे लक्ष झाडाकडे गेले. मोटारीतून उतरवल्यापासून फरशीवर आणखी पाने पडली होती.

ते बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिले.

“...समजलो,” ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी एक पान उचलून तळहातावर ठेवले.

“ऊन चुकले नव्हते. पाणीही नाही. मीच त्याला कुठे बसू दिले नाही. नव्या जागेचा प्रकाश ओळखीचा होण्याआधीच मी त्याला उचलत होतो.”

त्यांनी ओसरीवर नजर फिरवली.

“प्रदर्शन राहू दे. झाड इथेच ठेवतो. त्या कोपऱ्यात उजेड चांगला आहे. कोणी हात लावायचा नाही. मीही नाही.”

हे सोपे नव्हते. प्रदर्शनात त्यांच्या झाडाखाली त्यांचे पूर्ण नाव लिहिलेले असणार होते, आणि ते वाचायला त्यांचे जुने साहेब येणार होते. प्रल्हादरावांनी कुंडी उचलली, कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि दोन पावले मागे सरून पाहिले. आपल्या हातून एक मोठा त्याग घडला आहे, असे त्यांना वाटले. छाती हलकी झाली. उरलेला गार चहा त्यांनी उभ्यानेच संपवला.

“बुवा, तुमच्यासमोर बोललं, की सुचतं म्हणालो, ते उगाच नाही,” ते म्हणाले. त्यांनी बुवांना वाकून नमस्कार केला. मग खांबापाशी जाऊन आईची पिशवी उचलली.

“चल, आई. ऊठ. शरद जेवायला थांबला असेल.”

“चल,” मथुराबाई म्हणाल्या. हसू केव्हाच मावळले होते. त्यांनी खांबाला धरून एक गुडघा उचलला, मग दुसरा, आणि सवयीने पायरीकडे वळल्या.

निरंजनबुवा उठले. भिंतीवरून हात फिरवत कोपऱ्यात गेले, खाली वाकून कुंडी चाचपली, उचलली. तशीच ती घेऊन ते प्रल्हादरावांपर्यंत आले आणि त्यांच्या मोकळ्या हातात ठेवली.

“मग हेही न्या.”

प्रल्हादरावांनी कुंडी सावरून वर पाहिले. बुवा आत निघून गेले होते.

मोटारीत बसल्यावर प्रल्हादरावांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. झाड मागच्या आसनावर होते. शेजारी आई समोरच्या काचेतून रस्ता पाहत होती.

“आई.”

“काय रे?”

“तुला कुठे राहायचंय?”

“म्हणजे? आता शरदकडं ना?”

“पाळी राहू दे. तुला कुठे आवडतं, ते सांग.”

मथुराबाईंनी मुलाकडे निरखून पाहिले. कोणी भांडले का, कोणी काही बोलले का, याचा अंदाज घेतला. तसे काही दिसेना.

“खरं सांगू? तुला वाईट वाटेल.”

“वाटू दे.”

“थोरला आहेस. लोक काय म्हणतील?”

“आई, सांग.”

त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग, चोरी कबूल करावी तशा हळूच म्हणाल्या, “उमेशकडं. त्याच्या समोरची रुक्साना मला मथुराकाकू म्हणते. भाजी निवडायला बोलावते. बाकी दोन्हीकडं मी नुसती तुमची आई.”

प्रल्हादरावांना वाईट वाटले. उत्तर कऱ्हाड असेल, याविषयी त्यांच्या मनात तोवर शंका नव्हती. कपाटाला लावलेले रबर, मोकळा केलेला खण, हे सारे सांगावे, असे त्यांच्या ओठांवर आले. त्यांनी ते गिळले.

“शरदला काय सांगशील?” मथुराबाईंनी विचारले.

“विचारील, ते सगळे सांगेन.”

त्यांनी किल्ली फिरवली.

सांगली आली, तेव्हा शरदच्या दारात गाडी थांबली. सर्वांची जेवणे झाली, बोलणे झाले, थोडे चढ्या आवाजातही झाले. दिवस मावळायच्या आत ते इचलकरंजीला पोहोचले.

मथुराबाई तेव्हापासून उमेशकडेच असतात. प्रल्हादराव आणि शरद त्यांना भेटायला तिकडे जातात. झाडही तिथेच, एका खिडकीत असते.