एकवीस दिवसांची चराई

या, असे सावलीत या. दारावरची पाटी वाचून झाली असेल तर आता समोर बघा. मधे जी गर्द झाडी दिसते, ती आंबजाईची राई. तिच्या बाहेर, सबंध सड्यावर, म्हणजे या खडकाळ पठारावर, हे कंबरभर वाढलेलं पिवळं गवत. आणि या दोहोंच्या मधे राईला वळसा घालून गेलेला चाळीस पावलांचा पट्टा, जिथं गवत बोटभरसुद्धा उरलेलं नाही. त्यात शेण पडलंय, खुरांचे ठसे आहेत आणि पलीकडच्या अंगाला गवळ्यांच्या म्हशी चरतायत.

आता तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. दरवर्षी विचारतात. मागच्या रविवारी एक पाहुणे तक्रारवहीत पानभर लिहून गेले, की सरकारी उद्यानात, एवढ्या जपलेल्या जंगलात, गुरं शिरलीच कशी? मी त्यांना म्हटलं, साहेब, शिरली नाहीत, आम्ही हात जोडून बोलावली आहेत. त्यांना ती थट्टा वाटली. उद्यान झालं त्या पहिल्या वर्षी वनखात्याच्या साहेबांनाही तसंच वाटलं होतं. पण ते समंजस निघाले. त्यांनी एक उन्हाळा डोळ्यांनी पाहिला आणि गुरांना बंदी असलेली पाटी स्वतःच उतरवून ठेवली. ते या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. आम्ही म्हणतो सगुणेचा पट्टा.

मी इथला गुरव. आंबजाईची पूजा आमच्या घराण्याकडं आहे. त्यामुळं ही गोष्ट सांगताना मला थोडं लाजायलाही होतं, कारण यात जो चुकला तो माझाच पूर्वज.

म्हाळू गुरव त्याचं नाव. किती पिढ्या झाल्या ते कुणी नीट सांगत नाही. त्याला एकच लेक होती, सगुणा. ती सात वर्षांची असताना तिला ताप भरला. अकरा दिवस पोरीनं डोळा उघडला नाही, असं सांगतात. वैदू झाले, अंगारे झाले. बाराव्या दिवशी म्हाळू देवीपुढं आडवा पडला आणि नवस बोलला, "आई, माझी लेक मला राहू दे. ती जिती हाय तवर तुझ्या डोंगरावर गुराचा खूर पडू देणार न्हाई."

त्या संध्याकाळी सगुणेनं पाणी मागितलं. पोरगी वाचली.

मग काय! सगळा गाव नवस पाळायला लागला. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गवळी धनगरांचा वाडा होता. त्यांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर चरायच्या. त्यांनाही मान लववून दूरच्या खडकाळ सोंडेवर जावं लागलं. पोरीच्या जिवाची गोष्ट, नाही कोण म्हणणार? गवत वाढलं. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं, चौथ्या वर्षी छातीएवढं. जुनं वाळून खाली बसायचं, त्यातूनच नवं वर यायचं. म्हाळूला त्याचं भारी कौतुक. आल्यागेल्याला दाखवायचा आणि म्हणायचा, "हे आईचं केस. ह्याला कुनी हात लावायचा न्हाई." गवत जितकं उंच, तितकी आपली भक्ती मोठी, असं त्याच्या मनानं घेतलं. माणूस देवभोळा झाला की त्याला मोजायला काहीतरी लागतंच.

अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी दिवाळी झाल्यावर गवळीवाड्यावरची ठमाई झोरे म्हाळूच्या दारात आली. ठमाई म्हणजे वाड्याची कर्ती बाई. नवरा गेल्यावर तीसएक म्हशींचं खिल्लार तिनं एकटीनं सांभाळलेलं. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि म्हणाली, "गुरवदादा, गवात लई झालंय. वाळलं की निस्ती ठिणगी फुरं हाय. वाघधारंची राई अशीच जळून गेली. आन्‌ राईच्या मागं झरा बी गेला, दुसऱ्या सालाला टिपूस न्हवता. तुमच्या राईतला झरा आटला तर तुमचं गाव आन्‌ आमचा वाडा, दोगं बी उटलं म्हना."

"मग काय करू म्हन्तीस?"

"राईच्या भवतीनं येक पट्टा चरू द्या. राईत न्हाई, बाकी सड्यावर बी न्हाई. चाळीस पावलं, बास."

म्हाळूचा चेहरा पडला. खूर पडला तर लेक जाईल, हेच त्याच्या डोळ्यांपुढं आलं असणार. पण भ्यालेला माणूस भीती बोलून दाखवत नाही, तो दुसऱ्याला टोचतो. म्हाळू म्हणाला, "तुला म्हशीस्नी चारा पायजे, ठमाई. देवीचं नाव कशाला पुढं करतीस?"

ठमाई उठली, पदर सावरला आणि चालती झाली.

हे सगळं सगुणेनं आतून ऐकलं. आता ती सोळा-सतरा वर्षांची झाली होती. चार दिवस तिचं कामात लक्ष लागेना. राईतल्या झऱ्यावर घागर भरताना ती वर गवताकडं बघत उभी राहायची, असं सांगतात. पाचव्या दिवशी सकाळी घागर तिथंच ठेवून ती डोंगराची धार ओलांडून गवळीवाड्यावर गेली आणि ठमाईला म्हणाली, "मावशी, म्हशी सोडा. म्या संगं येतो."

ठमाईनं कानांवर हात ठेवले. "न्हाई गं बाई! तुजा जीव टांगनीला लावून म्हशी चारू व्हय? उंद्याला तुजं काय बरं-वाईट झालं तर म्या कुनाला तोंड दावू?"

सगुणा म्हणाली, "नवस आबांनी बोलला, पर जीव माजा हाय. माज्या येकटीपायी झरा गेला तर गावातल्या लेकरांनी पानी कुटलं प्यायचं? आन्‌ आईनं मला वाचवली ती काय राई जाळून घ्यायला?"

ठमाईनं मग तिला दोन अटी घातल्या म्हणे. चाळीस पावलांच्या बाहेर एकही म्हैस जाणार नाही. आणि गवताला बी धरून ते गळून गेलेलं असेल, तिथूनच सुरुवात करायची. सगुणेनं एकच अट घातली. पहिलं पाऊल तिचं, खूर त्याच्या मागून.

म्हाळू पूजा आटोपून देवळाच्या पायरीवर आला, तेव्हा त्याला गवत हलताना दिसलं. गवतातून म्हशींची शिंगं वर आली होती आणि त्यांच्यापुढं त्याची लेक चालत होती. तो धावला, दोनदा पडला, गुडघे फोडून घेतले. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि नुसता तिच्या तोंडाकडं बघत राहिला. आता कोसळेल, मग कोसळेल. सगुणा म्हणाली, "आबा, म्या हाय न्हवं हितं." म्हशी मुकाट्यानं चरत होत्या.

आता हाकलून तरी काय उपयोग? खूर पडायचा तो पडला होता. म्हाळू माघारी येऊन पायरीवर बसला. गवत इतकं उंच होतं, की चार पावलं आत गेलं की माणूस दिसेनासा व्हायचा. लेक दिसली नाही की म्हाळू पायरीवर उठून उभा राहायचा. तो ओरडायचा, "सगुणे!" आतून आवाज यायचा, "हाय, आबा!" की त्याचा जीव भांड्यात पडायचा. घटकाभर गेली की पुन्हा "सगुणे!" आणि पुन्हा "हाय, आबा!" असे दिवसच्या दिवस. त्याचा घसा बसला, पण हाक काही थांबली नाही. गावातले लोकही येऊन बघून जायचे. कुणी म्हाळूला बोल लावायचे, कुणी ठमाईला. बायका मात्र रोज कुणी ना कुणी सगुणेला भाकर नेऊन द्यायच्या.

चौदाव्या दिवशी दुपारी म्हाळूनं हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

दुसरी हाक मारली. नाही. तिसरी मारली, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द न फुटता नुसता हुंदका फुटला. तो अनवाणी पट्ट्यातून पळत सुटला. ठमाई दुसऱ्या टोकाकडून धावली. बघतात तर काय, एक म्हैस रवंथ करत बसली होती आणि तिच्या सावलीत, तिच्या पाठीला पाठ लावून सगुणा गाढ झोपली होती. पोरगी दमली होती बिचारी. म्हाळूनं तिला हलवून उठवलं, आधी असा काही रागावला की ती घाबरली, आणि मग तिथंच मटकन बसून रडता रडता हसायला लागला. ठमाईही हसली. त्या म्हशीला मात्र ढिम्म फरक पडला नाही.

एकविसाव्या दिवशी पट्टा पुरा झाला. म्हशी जशा आल्या तशा बाहेर गेल्या. ठमाईनं एक दिवससुद्धा जास्त घेतला नाही.

मग फाल्गुन आला. शिमगा होऊन गेला होता. पलीकडच्या खोऱ्यात कुणीतरी नाचणीसाठी राब भाजत होतं, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळत होतं. वारा फिरला आणि आग डोंगराला लागली. भर दुपारी वणवा सडा चढून वर आला. नऊ वर्षांचं वाळलेलं गवत ते! आवाजच असा, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना, असं सांगतात. सगळा गाव आणि सगळा गवळीवाडा पट्ट्यात उभा राहिला. हातात जांभळीचे ओले डहाळे, डोक्यावर भिजवलेली कांबळी. वणवा पट्ट्याच्या काठाशी आला आणि तिथं त्याला खायला काही मिळेना. तो काठाकाठानं पुढं पळाला, राईला वळसा घालून बघितला, सगळीकडं तीच उघडी जमीन. ठिणग्या उडून राईच्या पाचोळ्यात पडल्या, पण त्या झोडपून विझवायला माणसं पुरेशी होती. तिन्हीसांजेच्या आत नुसता धूर उरला. राई जशीच्या तशी. झऱ्याचं पाणी वाहतच होतं.

धुरात कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं, सगळेच काजळलेले. म्हाळू त्या माणसांमधून लेकीला शोधत फिरला आणि शेवटी त्यानं आपल्या बसक्या आवाजात हाक मारली. "सगुणे!" अगदी शेजारून उत्तर आलं, "हाय, आबा!" ती त्याच्याच खांद्याशी उभी होती.

तेव्हा म्हणे सगळा डोंगर हसला. आगीत दिवसभर झुंजलेली माणसं पोट धरधरून हसली. एवढं हायसं वाटल्यावर माणूस आणखी काय करणार?

दुसऱ्या दिवशी म्हाळू गवळीवाड्यावर गेला आणि ठमाईपुढं हात जोडून म्हणाला, "तुला म्या चाऱ्याची हावरी म्हनलो." ठमाई म्हणाली, "मग? म्हशीस्नी चारा पायजेच व्हता की. त्यात खोटं काय?" मग तिनं त्याला ताक दिलं.

म्हाळू परत येऊन देवीपुढं बसला. म्हणाला, "आई, लेक मागितली म्या, आन्‌ बदल्यात दिला दुसऱ्याच्या जनावरांचा घास. चुकलं माजं. तू पदरात घे." त्यानं कौल लावला. देवीच्या उजव्या अंगाचं, म्हणजे होकाराचं, फूल लगेच पडलं, असं सांगतात. आमच्या घरात कुणी म्हणतं, वाऱ्यानं पडलं असेल. मी म्हणतो, वाराही तिचाच.

तेव्हापासून रीत पडली. राईत खूर कधीच नाही. नागपंचमीपासून दिवाळीपर्यंत सड्यावरही नाही, कारण तेव्हा सोनकी आणि तेरडा फुललेला असतो आणि चंडोलांची अंडी गवताच्या बुडाशी असतात. बी गळून गेलं की मार्गशीर्षात एकवीस दिवस पट्टा चरायचा आणि बाहेर पडायचं. पुढच्याच वर्षी दोघा गवळ्यांनी भादव्यात सड्यावर म्हशी घातल्या होत्या. त्यांना ठमाईनं स्वतः काठी घेऊन खाली हाकललं, आणि ते दोघेही तिचे सख्खे पुतणे होते. सगुणा पुढं लग्न होऊन याच गावात राहिली, नातवंडं-पतवंडं बघून गेली. नवसाचं पुढं काय झालं, असं मात्र तिला कधीच कुणी विचारलं नाही.

अजूनही मार्गशीर्षात वनखात्याचे साहेब चुन्यानं चाळीस पावलं आखून देतात, झोऱ्यांच्या म्हशी येतात आणि त्यांच्यापुढं गुरवाच्या घरची लेक चालते. यंदा माझी नात आहे, कस्तुरी. कॉलेजात शिकते, या एकवीस दिवसांसाठी सुट्टी काढून येते. आणि गुरवानं दिवसातून तीन वेळा पायरीवरून हाक मारायची असते. लेकीचं नाव काहीही असो, हाक एकच.

उन्हं उतरली, तिसऱ्या हाकेची वेळ झाली. जरा गप्प बसा मंडळी. मला सगळं ठाऊक आहे. कस्तुरी त्या वळणापलीकडं म्हशींच्या पुढं आहे, तिच्या हातात मोबाइल आहे, तिला काही झालेलं नाही. चाळीस वर्षं मी ही हाक मारतोय, आधी बहिणीला, मग लेकीला, आता नातीला. तरी हाक दिली आणि उत्तर यायचं असलं, की मधला तेवढा वेळ माझा श्वास आत अडकतो.

"सगुणे!"

...

"हाय, आबा!"

ऐकलंत? चला, आता राई दाखवतो.