काचेपलीकडचा बर्फ

बार्शीच्या विमलताई गाडेकरांनी साठी उलटल्यावर एकच हट्ट धरला होता: पायाला फळ्या बांधून बर्फावरून एकदा तरी घसरायचं. त्यासाठी भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन त्या हिमाचलातल्या सगळ्यात स्वस्त स्कीइंग रिसॉर्टवर पोचल्या. फळ्या होत्या, काठ्या होत्या, उतारही होता. बर्फ तेवढा नव्हता. उतारावर चिखल होता आणि त्यात एक गाय निवांत रवंथ करत बसली होती.

मालक अच्युतराव मूळचे मिरजेचे, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. ते म्हणाले, "बर्फ नाही कसा? काचेतून बघा, समोरचा डोंगर पांढराशुभ्र दिसतोय ना? मग झालं तर. वर न्यायला जीप लागते, ती या दरात बसत नाही."

बायका हिरमुसल्या.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. ताईंनी घरून आणलेल्या गुळपोळ्या तव्यावर गरम करताच वासाने अच्युतराव आत आले. "किती वर्षांत खाल्ली नाही हो," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. ताईंनी पोळीवर तुपाची धार सोडली, ताट उचललं आणि बाहेर जाऊन खिडकीच्या काचेपलीकडे ठेवलं.

आत येऊन म्हणाल्या, "दिसतेय ना, अच्युतराव? मग झालं तर."

अच्युतराव थिजत चाललेल्या तुपाकडे बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी जीपची किल्ली काढली.

"पोळी बरोबर घेते," ताई म्हणाल्या. "वर पोचलो की देईन. सणासुदीला दारी आलेल्याला नुसतं दाखवून परत पाठवू नये."